अपयशाचे स्मरणरंजन

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठी समीक्षेत दोन प्रतिशब्द रूढ आहेत, 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता'. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची प्रकृती एक नाही. योहानेस होफरने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात मूळ शब्द घडवला, तेव्हा ते एका आजाराचे नाव होते. परतणे आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते. 'गतकातरते'ने त्यातली वेदना राखली. 'स्मरणरंजना'ने ती गाळून रंजन तेवढे घेतले. आणि रंजन म्हणजे करमणूक, तसेच रंग चढवणेही. आठवणीला रंग द्यायचा आणि मग त्या रंगात आपणच रमायचे, असा काहीसा अर्थ या शब्दात नकळत उतरला आहे.

हे दोन भाव एकमेकांत कसे मिसळतात आणि त्यातून प्रत्यक्ष कलाकृतींचे काय होते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. ते साहित्यातले नाही. सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट नावाच्या गेम कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राचे ते आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे अशा विषयावर लिहिताना आधी क्षमायाचना करण्याचा काळ आता सरला आहे, असे मी धरून चालतो.

ड्रीमकास्ट जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी विक्रीस आले, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी आणि युरोपात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि यापुढे आपण यंत्रे बनवणार नाही, फक्त इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनवू, असेही सांगितले. जगभरात सुमारे ९१ लाख ड्रीमकास्ट विकले गेले. प्रतिस्पर्धी सोनीच्या प्लेस्टेशन २ ची विक्री पुढे १५ कोटींच्या वर गेली. व्यापाराच्या दृष्टीने प्रकरण एवढेच.

पण या यंत्रावर जितके प्रेम केले गेले तितके त्याहून कितीतरी अधिक यशस्वी यंत्रांच्या वाट्याला आले नाही. त्या प्रेमाला एक ठरीव कथानक आहे. ड्रीमकास्ट काळाच्या पुढे होते. त्यात मोडेम बसवलेला होता, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या माणसाशी खेळण्याची सोय त्यात आरंभापासून होती. त्याचे खेळ धाडसी होते. आणि तरीही सोनीच्या प्रचंड भांडवलाने आणि डीव्हीडीच्या आमिषाने त्याचा बळी घेतला. नायक, खलनायक, अकाली अंत. शोकात्मिकेचा हा आराखडा आहे. ड्रीमकास्टच्या चाहत्यांना तो इतका पाठ झाला आहे की कोणीही कुठूनही सुरुवात केली तरी सांगणे याच वळणाने जाते.

गंमत अशी की हे कथानक चाहत्यांनी रचण्याआधी सेगानेच लिहायला घेतले होते. जपानमधल्या ड्रीमकास्टच्या जाहिरातमालेत कंपनीचे खरेखुरे संचालक हिदेकाझु युकावा स्वतः काम करत. सेगा टुकार आहे, प्लेस्टेशनच बरे, असे शाळकरी मुले बोलताना ते ऐकतात आणि खचून जातात. नवे यंत्र बाजारात आणताना एखाद्या कंपनीने आपला पराभव असा विनोदाने मांडल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आरंभीच ज्याने पराभूताची भूमिका घेतली, त्याच्याविषयी पुढे ममता वाटणे अवघड नव्हते.

शोकात्मिकेतल्या नायकाच्या ठायी एक त्रुटी असावी लागते. चाहत्यांच्या कथानकात तिचा उल्लेख होतो, पण घाईघाईने. सेगाने १९९० च्या दशकात आपल्या ग्राहकांना वारंवार फसल्यासारखे वाटायला लावले होते. मेगा ड्राइव्हला जोडायचे ३२एक्स हे उपकरण लोकांनी घेतले आणि ते लवकरच टाकून देण्यात आले. त्यानंतरचे सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत मे १९९५ मध्ये जाहीर तारखेच्या कितीतरी आधी अचानक दुकानांत उतरवले गेले. त्यामुळे ज्या दुकानदारांना ते मिळाले नाही ते दुखावले, आणि खेळ बनवणाऱ्यांचे काम अर्धवट होते तेही. ड्रीमकास्ट आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीने त्यासाठी खेळ बनवण्यास नकार दिला. जपानमध्ये आरंभीच्या दिवसांत ग्राफिक्सची चिप पुरेशी तयार होत नव्हती, म्हणून यंत्रेच कमी पडली. सोनीने घाव घातला हे खरे, पण झाड आधीच पोखरलेले होते.

मग प्रश्न असा की अपयश हेच प्रेमाचे कारण असेल तर सॅटर्नची अशी दंतकथा का झाली नाही? तेही सुमारे ९२ लाखच विकले गेले होते. त्याचे चाहते आहेत, नाही असे नाही, पण त्याच्याविषयी कोणी विरहाच्या भाषेत बोलत नाही. मला याचे उत्तर त्यांच्या शेवटाच्या स्वरूपात सापडते. सॅटर्न विझत गेले. ड्रीमकास्टचा शेवट मात्र एका ठरावीक दिवशी, जाहीर निवेदनाने झाला आणि त्याबरोबर सेगाची यंत्रनिर्मितीही संपली. लेखक गेल्यावर त्याचे समग्र वाङ्मय सिद्ध होते तसे हे झाले. यशस्वी यंत्राच्या खेळांचा ढीग इतका वाढतो की त्यातले बरेचसे कचरा असते. ड्रीमकास्टला कचरा साठवायला वेळच मिळाला नाही. दोन-अडीच वर्षांत आलेले 'सोल कॅलिबर', 'जेट सेट रेडिओ', 'क्रेझी टॅक्सी', 'स्काइज ऑफ आर्केडिया', माणसाचा चेहरा असलेल्या आणि मायक्रोफोनमधून आपल्याशी वाद घालणाऱ्या माशाचा 'सीमन' अशी नावे एका दमात घेता येतात आणि ती एका प्रतिभेची वाटतात. ती तशी नव्हती. वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांशी स्पर्धा करत ती घडवली होती. एकत्वाचा भास मृत्यूने दिला.

मराठी वाचकाला हे अपरिचित नसावे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले. त्याच्या अंकांना आज जो एकजिनसी तेजाचा रंग दिसतो, तो त्या बंद होण्याने किती दिला आणि अंकांतल्या मजकुराने किती, हे कोणीतरी जुने अंक ओळीने वाचून तपासायला हवे. खप कमी म्हणजे कस जास्त, हे समीकरण आपल्याकडे पुराव्याविना चालते.

ड्रीमकास्टविषयी हळहळणारे सगळेच ते हाताळलेले असतात असेही नाही. माझी त्याच्याशी ओळख यंत्र निवर्तल्यावर, संगणकावर त्याची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर नावाच्या प्रणालीतून आणि इतरांच्या आठवणींतून झाली. स्वतः कधी न गमावलेल्या वस्तूची हळहळ करायला आधुनिक बाजार ग्राहकाला शिकवतो, असे मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी 'मॉडर्निटी ॲट लार्ज' (१९९६) या ग्रंथात मांडले आहे. या उसन्या स्मृतीला खुणा लागतात, आणि ड्रीमकास्ट त्या मुबलक पुरवते: र्युइची साकामोतो यांनी रचलेला, यंत्र सुरू होताना वाजणारा छोटासा नाद, नारिंगी भोवऱ्याचे चिन्ह, हातातल्या नियंत्रकात खोचायचा, स्वतःचा चिमुकला पडदा असलेला स्मृतिसंच. आतल्या घड्याळाची बॅटरी आता बहुतेक यंत्रांत संपलेली असते. सुरू केले की ते तारीख विचारते आणि स्वतःहून २७ नोव्हेंबर १९९८ ही तारीख समोर ठेवते. चाहत्यांना हे फार हृद्य वाटते. मलाही वाटते. पण या हृद्यतेत आपण यंत्राकडे पाहत राहतो आणि त्याच्या आत काय होते ते वाचायचे राहते. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

'शेनमू' घ्या. यू सुझुकी यांचा हा खेळ जपानमध्ये २९ डिसेंबर १९९९ रोजी आला. निर्मितीचा आणि प्रसिद्धीचा मिळून खर्च ४.७ कोटी डॉलर झाल्याचे सुझुकी यांनीच नंतर सांगितले. चाहते तो ड्रीमकास्टच्या महत्त्वाकांक्षेचे स्मारक म्हणून मिरवतात, टीकाकार त्याच्या बुडण्याचे कारण म्हणून. त्याच्या कथेकडे दोघेही पाठ फिरवतात. कथा घडते योकोसुका या बंदराच्या गावी, १९८६ च्या हिवाळ्यात. र्यो हाझुकी या तरुणाच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांची हत्या होते आणि मारेकऱ्याचा माग काढायला तो निघतो. इथवर ही सूडकथा आहे. पण खेळ सूडाची घाई करू देत नाही. र्योला गावात हिंडून माणसांना विचारपूस करावी लागते. दुकाने ठरल्या वेळी उघडतात. आधी पोचलात तर ताटकळत थांबायचे. घरातले खण उघडून आतली वस्तू हातात घेऊन, फिरवून पाहता येते, आणि बहुतेक वस्तूंचा कथेला काडीचा उपयोग नसतो. पुढे तो बंदरावर नोकरी धरतो आणि खेळणारा रोज फोर्कलिफ्टवरून खोकी इकडची तिकडे हलवत बसतो.

सूडाने झपाटलेला माणूस आपल्या गावातले शेवटचे दिवस जगत आहे, आणि ते शेवटचे आहेत हे त्याला कळत नाही. खेळणाऱ्याला कळते, कारण शेवटी र्यो हाँगकाँगच्या बोटीत चढणार हे वाट पाहण्याच्या प्रत्येक तासात जाणवत राहते. खणातल्या निरुपयोगी वस्तूंचा अर्थ इथे लागतो. सोडून जायच्या घराची ती यादी आहे. 'कंटाळवाणा' हा 'शेनमू'वरचा जुना आरोप मला म्हणूनच वाचनाचा दोष वाटतो. रेंगाळणे हाच त्याचा आशय आहे. हे व्हिडिओ गेमला जमते तसे कादंबरीला जमत नाही, कारण कादंबरीचा वाचक पाने उलटून पुढे जाऊ शकतो.

आणखी एक तपशील. गावातल्या खेळघरात र्यो 'हँग-ऑन' आणि 'स्पेस हॅरिअर' हे १९८५ चे खेळ खेळू शकतो, आणि ते सुझुकी यांनीच बनवलेले होते. लेखक स्वतःच्या तारुण्यातली निर्मिती नायकाच्या हाती देतो. येथवर काळाची बूज राखलेली आहे. पण हाझुकींच्या घरातल्या टीव्हीखाली सेगा सॅटर्न ठेवलेले आहे, आणि सॅटर्न १९९४ साली निघाले. १९८६ च्या हवामानाच्या नोंदींप्रमाणे पाऊस-बर्फ पाडण्याची सोय ज्यांनी केली, त्यांना हा कालविपर्यास कळला नसेल हे शक्य नाही. थट्टा म्हणून सोडून देता येईल. मला तो कबुलीजबाब वाटतो: ज्या भूतकाळात आपण परततो आहोत तो रंगवलेला आहे, आणि कालच अपयशी ठरलेले यंत्रही बालपणाच्या दिवाणखान्यात ठेवले की लगेच हृद्य होते, हे हा खेळ जाणतो. ड्रीमकास्टचे पुढे जे स्मरणरंजन होणार होते त्याची चिकित्सा ड्रीमकास्टवरच होऊन गेली होती.

'शेनमू'चा दुसरा भाग २००१ साली आला आणि कथा अधांतरी राहिली. त्या अपूर्णतेचा ध्यास चाहत्यांनी चौदा वर्षे धरला. जून २०१५ मध्ये तिसऱ्या भागाची घोषणा झाली ती सोनीच्या व्यासपीठावरून, म्हणजे कथानकातल्या खलनायकाच्या घरातून. ६९ हजारांहून अधिक लोकांनी वर्गणी करून ६३ लाख डॉलर जमवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये खेळ आला. चाल तीच, रेंगाळणे तेच, आणि कथा याही वेळी पूर्ण झाली नाही. अनेकांची निराशा झाली. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले आहेत: हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे बांधू पाहणारी, आणि हरवण्यावरच चिंतन करत राहणारी. ग्रंथ २००१ सालचा, ड्रीमकास्टच्या अंताच्या वर्षाचा. वर्गणीदारांनी पहिल्या प्रकारासाठी पैसे भरले होते. सुझुकी यांच्याकडे देण्याजोगा होता तो दुसरा.

दुसरी कृती आहे 'सेगागागा'. ती जपानमध्ये २९ मार्च २००१ रोजी, यंत्र मरणपंथाला लागलेले असताना प्रकाशित झाली आणि तिची अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधीच निघाली नाही. म्हणून तिचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, वाचन थोड्यांचे. कथा २०२५ सालातली. सेगाकडे बाजाराचा ३ टक्के हिस्सा उरला आहे, उरलेला सारा डॉग्मा नावाच्या कंपनीकडे. सेगाला वाचवण्यासाठी एका पोराची नेमणूक होते. तो कंपनीच्या कचेरीत भुयारात उतरावे तसा उतरतो आणि तिथे त्याला भेटणारे राक्षस म्हणजे कामाच्या ओझ्याने माणूसपण गमावलेले कंपनीचेच प्रोग्रॅमर आणि चित्रकार. त्यांच्याशी लढायचे ते शब्दांनी, एकमेकांना टोचून. जिंकले की त्यांना आपल्या गटात घेऊन मुदतीच्या आत खेळ तयार करायचे. कंपनीने स्वतःच्या मृत्युशय्येवर लिहिलेले हे विडंबन आहे, आणि त्यात सोनीवर फोडलेल्या खापराइतकाच आतल्या माणसांच्या थकव्याचा हिशोब आहे. काळाच्या पुढचे यंत्र, अकाली मृत्यू, या गोड कथानकात हे राक्षस कुठेच येत नाहीत. ते २०२५ साल प्रत्यक्ष उजाडले तेव्हा सेगा खेळ बनवणारी कंपनी म्हणून सुखरूप होती; विडंबनाने वर्तवलेले भविष्य चुकले, निदान बरोबर होते.

तिसऱ्या प्रकारच्या कृतीविषयी फारसे लिहिता येत नाही, कारण ती उरलेलीच नाही. डिसेंबर २००० मधल्या 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये तयार वाक्खंड निवडून बोलता येत असे आणि ते समोरच्याच्या पडद्यावर त्याच्या भाषेत उमटत. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषांत. चारजण चार देशांतून, शब्दांच्या तुटपुंज्या साठ्यावर एकमेकांना सांभाळत खेळत. डिस्क आजही आहे. काही हौशी मंडळींनी स्वतःचे सर्व्हर चालवले आहेत आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडून टेलिफोन केंद्राची बतावणी करून घेऊन जुने मोडेम त्यांना जोडले आहेत. पण २००१ च्या एखाद्या रात्री तिथे काय बोलले गेले ते नाटकाच्या प्रयोगासारखे विरून गेले. ड्रीमकास्टच्या बाबतीत खरीखुरी गतकातरता कुठे लागू पडत असेल तर ती इथे. नेमक्या याच जागी स्मरणरंजनाला बोट ठेवायला काही सापडत नाही.

बाकीच्या कृती टिकल्या त्या कशामुळे, हे सांगितले की कथानक आणखी विसकटते. ड्रीमकास्टचे खेळ जीडी-रॉम या खास चकतीवर असत, आणि ती साध्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये नीट वाचता येत नसे. पण संगीताच्या चकत्यांसाठी ठेवलेल्या मिल-सीडी नावाच्या सोयीत एक फट राहिली होती. २००० साली ती सापडली आणि साध्या सीडीवर उतरवलेल्या चोरट्या प्रती यंत्र मुकाट्याने चालवू लागले. यंत्राच्या पतनाच्या कारणांत हेही धरले जाते. याच फटीतून पुढे हौशी लोकांनी आपले खेळ घातले. मार्च २००७ मध्ये शेवटचा अधिकृत खेळ 'कारूस' निघाला, त्यानंतरही अनधिकृत निर्मिती थांबलेली नाही. अभ्यासकाला आज 'सेगागागा' उघडून पाहायची असेल तर बहुधा याच चोरवाटेने जावे लागते. ज्या छिद्रातून नाव बुडाली असे म्हणतात, त्याच छिद्रातून माल बाहेर काढता आला.

हे प्रेमिकांच्या चोरीवर भागते आहे, ग्रंथालयांच्या अधिकारावर नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही रूपात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांसाठी दूरस्थपणे खुले करता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जुन्या खेळांच्या बाजारावर परिणाम होईल, ही प्रकाशकांची हरकत होती. म्हणजे स्मरणरंजन विकता येते, म्हणून स्मृती बंद ठेवायची.

आपल्याकडची स्थिती याहून विचित्र आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक सवलत आली: विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, मात्र त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. 'सत्यकथा'चा पिवळा पडलेला अंक या सवलतीत बसतो. 'शेनमू'ची चकती जन्मतःच डिजिटल. शब्दार्थ घेतला तर ती बसत नाही. हीच गोष्ट उद्या ज्या मराठी लेखनाची कागदी प्रत कधी निघालीच नाही त्याला लागू होईल, आणि असे लेखन आता थोडे राहिलेले नाही. मराठी विभागांनी आणि ग्रंथालय संघांनी या कलमातली ती अट काढून टाकण्याची मागणी करायला हवी. चकतीवरचा लेप दरवर्षी झिजतो आहे.